वाण लुटताना जिजाऊंनाही दाराबाहेर उभं करणार का?

पोस्ट लांब आहे. वेळ नसेल त्यांनी खुशाल पुढं जावं, पण अर्धवट वाचून कमेंट करू नये एवढी विनंती.

मागच्या आठवड्यात मी एक छोटी बातमी टाकली होती. आपल्या तालुक्यातल्या एका गावात बचत गटाच्या बायकांनी यंदाचं संक्रांतीचं हळदीकुंकू सगळ्याच बायकांसाठी ठेवायचं ठरवलं. सगळ्या म्हणजे नवरा असलेल्या, वारलेल्या, टाकून गेलेल्या, सगळ्या. गावाचं नाव मी मुद्दामच दिलं नव्हतं. तरी खाली जे यायचं ते आलंच. 'पत्रकारांनी संस्कृतीत लुडबुड करू नये.' 'हे पुण्या-मुंबईचं खूळ गावात आणू नका.' 'मराठी संस्कृती वाचवा.' एका ज्येष्ठ परिचितांनी फोन करून वेगळाच मुद्दा काढला. म्हणाले, ज्या बाईचं दुःख अजून ओलं आहे तिला चार लोकांत बोलावून कुंकू लावणं हा तिच्या दुःखाचा अपमान आहे. तिला तिचं दुःख करू द्या.

या सगळ्यांत उत्तर देण्यासारखा मुद्दा हा एकच. त्याकडे येतोच. आधी संस्कृतीवाल्यांचा हिशोब करू.

मराठीतली पहिली कादंबरी कोणती, हा स्पर्धा परीक्षेतला हमखास प्रश्न. उत्तर पोरांना पाठ असतं: 'यमुनापर्यटन', बाबा पदमनजी, 1857. पण ती कशावर आहे, हे त्या पोरांना विचारा. गाइडमध्ये तेवढं नसतं. ती कादंबरी विधवांच्या हालांवर आहे. यमुना नावाची बाई नवऱ्याबरोबर प्रवासाला निघते, वाटेत ठिकठिकाणच्या विधवांची अवस्था बघते आणि पुढे तिच्यावरच ती वेळ येते. बाबा पदमनजी ख्रिस्ती झालेले होते, पुस्तकात धर्मप्रचारही आहे, तो कुणाला खटकला तर खटकू द्या. पण मराठीत कादंबरी लिहायला माणूस बसला तेव्हा त्याला पहिला विषय हा सुचला. राजा-राणी नाही, लढाई नाही. आपल्या शेजारच्या घरात मागच्या खोलीत बसलेली बाई.

पुढं तीसेक वर्षांनी हरिभाऊ आपट्यांनी 'पण लक्षात कोण घेतो?' लिहिली. 'करमणूक' साप्ताहिकात ती हप्त्याहप्त्याने यायची, म्हणजे आज लोक मालिका बघतात तशी लोकांनी ती वाचली. तिचीही नायिका यमुनाच. ती स्वतःच्या तोंडाने सगळं सांगते, अगदी केशवपनापर्यंत. एका पुरुषाने बाईच्या आत शिरून लिहिलेलं हे पुस्तक घराघरात वाचलं गेलं.

आणि आपली ताराबाई? ताराबाई शिंदे बुलढाण्याच्या. आपल्याच जिल्ह्याच्या, राजेहो! 1882 साली त्यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' छापली. निमित्त होतं सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेच्या खटल्याचं. तिला मूल झालं, लोकलाजेपायी तिने ते मारलं, कोर्टाने आधी फाशी दिली, नंतर शिक्षा कमी झाली. त्यावरून वर्तमानपत्रांत समस्त बायकांच्या चारित्र्याचे वाभाडे काढणं सुरू झालं. (आमचा धंदा तेव्हाही असाच होता.) ताराबाईंनी त्यांना अशा भाषेत झोडलं की आजही वाचताना हसू येतं आणि लगेच घाम फुटतो. त्यांचा सवाल साधा आहे. नवरा मेला की बाईचं सगळं हिरावून घेता, बायको मेली की पुरुषाचं काय काढून घेता? जोतिराव फुल्यांनी तेव्हा जाहीरपणे ताराबाईंची बाजू घेतली.

म्हणजे पुण्या-मुंबईचं खूळ नव्हे बाबांनो. हे बुलढाण्यातून पुण्याला गेलेलं आहे.

बारा जानेवारीला आपण सिंदखेडराजाला जाणार. मीही दरवर्षी जातो, बातमीसाठीही आणि माथा टेकायलाही. गाड्यांवर झेंडे लागतात, स्टेटसला जिजाऊ येतात. आणि दोनच दिवसांनी, चौदा तारखेपासून रथसप्तमीपर्यंत, त्याच घरांत वाण लुटलं जाणार आणि त्याच घरातली वारलेल्या दिराची बायको आतल्या खोलीत तिळगुळाची ताटं भरणार. बाहेर यायचं नाही. शुभ काम आहे.

शहाजीराजे गेले जानेवारी 1664 मध्ये. जिजाऊ सती जायला निघाल्या होत्या आणि शिवाजी महाराजांनी त्यांना थांबवलं, असं बखरीत आहे. त्यानंतर दहा वर्षं त्या होत्या. आग्र्याला महाराज अडकले त्या काळात त्या होत्या. 6 जून 1674 ला राज्याभिषेक झाला तेव्हा होत्या, आणि 17 जूनला पाचाडला गेल्या. म्हणजे महाराष्ट्राच्या इतिहासातला सगळ्यात मोठा जो शुभ दिवस, त्या दिवशी राजाची आई विधवा होती. आता सांगा, तुमच्या नियमाने त्यांना कुठं बसवायचं? मंडपात की मागच्या खोलीत? जयंतीला आईसाहेब म्हणायचं आणि संक्रांतीला त्यांच्याच अवस्थेतल्या बाईची सावली वाणावर पडू द्यायची नाही, ही कुठली संस्कृती आहे ते मला कुणीतरी नीट बसून समजावून सांगा. चहा माझ्याकडून.

तीन जानेवारीचंही तेच. शाळाशाळांत सावित्रीबाईंच्या वेषात मुली आणि कपाळावर ठसठशीत आडवं कुंकू. जोतिराव गेले 28 नोव्हेंबर 1890 ला. अंत्ययात्रेत टिटवं कुणी धरायचं यावरून भाऊबंदांनी वाद घातला, तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवं हातात घेऊन पुढे चालायला सुरुवात केली, असं चरित्रकार सांगतात. कालपर्यंत जी सौभाग्यवती होती, ती त्या क्षणी आत कोंडून न घेता सगळ्या पुण्यादेखत पुढं चालली. हे नाटुकलं एखाद्या शाळेने बसवलेलं मी तरी अजून पाहिलं नाही.

आता दुःखाकडे येतो.

वीसेक वर्षं मी निधन वार्ता लिहितोय. आठवड्याला चार-पाच तरी येतात. त्यांचा साचा ठरलेला आहे. पण त्या साच्यात एक गंमत आहे, म्हणजे गंमत कसली. मेलेल्या माणसाची ओळख आपण फार जपतो. वारकरी असेल तर 'वै.' लागतं, बौद्ध असेल तर 'कालकथित', लिंगायत असेल तर 'लिंगैक्य', मुसलमान असेल तर 'मरहूम', बाकीच्यांना 'कै.' किंवा 'स्व.' एखाद्याला चुकून दुसरं लागलं तर घरचे सकाळी सातला फोन करतात. बरोबरच आहे, माणूस कुणाचा होता हे मेल्यावरही कळायला पाहिजे. आणि शेवटच्या ओळीत काय असतं? 'त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले, सुना, नातवंडे असा परिवार आहे.' पत्नी. नाव नाही. मेलेल्याचं सगळं शाबूत आणि जिवंत बाईचं नावसुद्धा गेलं.

तिकडं घरात त्याच वेळी दुसरं पुसणं चालू असतं. कुंकू पुसतात, मंगळसूत्र काढतात, जोडवी ओढतात, बांगड्या फोडतात. कुठं प्रेतापाशीच, कुठं दहाव्याला नदीवर. पुढं होऊन हे करायला बहुतेक वेळा दुसऱ्या विधवेलाच उभं करतात, हे कधी नीट बघितलंय का? मग लग्नपत्रिकेत 'सौ.' जाऊन 'श्रीमती' नाहीतर 'गं. भा.' येतं. पुरुष बायकोआधी 'श्री.' होता, बायकोनंतरही 'श्री.'च राहतो. एप्रिल 2023 मध्ये तर आपल्या राज्याच्या महिला व बालविकास मंत्र्यांनीच विधवांना 'गंगा भागीरथी' म्हणावं असा प्रस्ताव पुढं केला होता. गदारोळ झाल्यावर ही फक्त चर्चा असल्याचा खुलासा आला. नदीचं नाव दिलं की बाईचा प्रश्न वाहून जातो, असं काहीतरी त्यामागं असावं.

आणि दहाव्याला, तेरवीला प्रवचन असतं. महाराज गीतेचा दुसरा अध्याय काढतात. आत्मा मरत नाही, देह म्हणजे नुसतं वस्त्र, जुनं टाकून नवं घ्यायचं, शहाणा माणूस गेलेल्यांचा शोक करत नाही. मी शेकडो वेळा ऐकलंय आणि चांगला प्रवचनकार असला तर आवडीनेही ऐकलंय. पण दोन प्रश्न आहेत. एक, हे अर्जुनाला सांगितलं होतं ते त्याने उठून धनुष्य उचलावं म्हणून. आपण ते कोपऱ्यात डोक्यावर पदर ओढून बसलेल्या बाईला सांगतो ते तिने गप्प बसावं म्हणून. दोन, देह जर वस्त्र, तर त्या देहावरच्या चार काचेच्या बांगड्यांवर एवढा राग कशाला? नवऱ्याचा आत्मा अमर आणि बायको मात्र संपली, हे तत्त्वज्ञान कुठल्या अध्यायात आहे?

तो दुसरा अध्याय मराठीत ज्यांनी सांगितला, त्या ज्ञानोबांनी 1296 साली आळंदीला समाधी घेतली. त्यांच्या सोबत होते नामदेव. आत्म्याचं अमरत्व नामदेवांना कळत नव्हतं असं म्हणायची कुणाची छाती आहे? तरी समाधीच्या अभंगांत नामदेव रडले आहेत. नुसते ते नाही, भावंडं रडली, संत रडले, सगळं लिहून ठेवलंय. तुकोबांची पहिली बायको आणि मुलगा दुष्काळात अन्नावाचून गेले, त्यांनीही ते झाकलं नाही, अभंगात सांगितलं. म्हणजे वारकरी परंपरेत रडायला बंदी नाही. उलट, मराठी माणूस देवाशी जे एवढं मोकळं भांडतो त्यातलं निम्मं भांडण दुःखाचं आहे. मग तेरवीच्या मंडपात 'रडू नको' कुठून आलं?

आता बुद्धाची एक गोष्ट सांगतो, कारण आपल्या भागात ती ज्यांच्या घरात आहे त्यांच्याही घरात मी बांगड्या उतरवताना पाहिल्यात. किसा गोतमीची सगळ्यांना माहीत असते: मेलेलं पोर कडेवर घेऊन फिरणाऱ्या बाईला बुद्ध म्हणाले, जिथं कुणी मेलं नाही अशा घरातून मोहरी आण. ती दारोदार फिरली आणि काय ते समजली. पटाचारेची कमी लोकांना माहीत आहे. नवरा, दोन लेकरं, आईबाप, भाऊ, सगळे पाठोपाठ गेले. ती वेडी झाली, अंगावर लुगडं राहिलं नाही, लोक दगड मारत होते. ती बुद्धांपर्यंत पोचली तेव्हा त्यांनी तिला जवळ येऊ दिलं, आणि तिथल्या कुणीतरी अंगावरचं पांघरूण काढून तिच्यावर टाकलं. एवढंच. दुःखात बुडालेल्या बाईच्या अंगावर काहीतरी घातलं. काढून घेतलं नाही. पुढं ती भिक्खुणी झाली आणि तिच्या गाथा थेरीगाथेत आल्या. एवढ्या दुःखानंतर ती कोण उरली, तर कवयित्री उरली. 'अमक्याची मागे राहिलेली' एवढीच नाही.

मला वाटतं साहित्य आणि तत्त्वज्ञान हे काम करतं. आपल्यावर जे कोसळतं त्यातून आपण कोण उरतो, हे ते शोधतं. उर्मिला पवारांच्या 'आयदान'मधली आई बघा. रत्नागिरी जिल्ह्यातलं गाव, नवरा गेलेला, पदरात पोरं, आणि ती बांबूच्या सूप-टोपल्या विणत बसलेली. पुढं लेखिकेवर स्वतःचा तरणा मुलगा जाण्याची वेळ आली, तेव्हा तिला स्वतःचं लिहिणं आईच्या त्या विणण्यासारखं वाटू लागलं. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' घ्या. त्यांचा नवरा जिवंत होता, पण 1895 मध्ये तो ख्रिस्ती झाला आणि त्या काळच्या समाजाच्या लेखी ती बाई ना सधवा राहिली ना विधवा. जिवंत माणसाचं सुतक कसं पाळायचं, कुणाच्या पंक्तीला बसायचं, आपण आता कोण, हे सगळं त्यांनी असं लिहिलं की वाचणारा हसता हसता गप्प होतो.

आता तुमचं नेहमीचं: 'पण बायकांनाच ते हवं असतं.' खरं आहे, थोडं. जात्यावरच्या ओव्या बघा. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव फिरून एक लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. बायकांनी बायकांसाठी पहाटे अंधारात रचलेलं एवढं तत्त्वज्ञान दुसरीकडं सापडायचं नाही. त्यांत अहेव मरण मागणाऱ्या ओव्या भरपूर आहेत. नवऱ्याआधी मला ने, कपाळावर कुंकू असताना ने. यात प्रेम नाही असं मी म्हणणार नाही. पण मागं राहिलेल्या बाईचं काय होतं हे तिने आपल्या आजीत, आत्यात, जावेत पाहिलेलं असतं. तुम्ही ज्याला तिची श्रद्धा म्हणता त्यात निम्मी भीती आहे. जिवंत राहण्यापेक्षा मरण सोपं वाटावं, एवढी व्यवस्था आपण करून ठेवली आणि वर म्हणतो की बायकांनाच हवं असतं.

मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला, की गावात कुणी कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र-जोडवी काढायची नाहीत. ते शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचं वर्ष होतं. पाठोपाठ माणगावने ठराव केला आणि त्याच महिन्यात सरकारने परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. आपल्या तालुक्यात किती ग्रामपंचायतींच्या प्रोसिडिंग बुकात तो ठराव आहे आणि किती गावांत तो बुकाच्या बाहेर आला, हे ज्याने त्याने आपापल्या ग्रामसेवकाला विचारावं. मी विचारतोय. उत्तरं मिळाली की छापीन.

आता त्या फोनवाल्या ज्येष्ठांचा मुद्दा. काका, तुम्ही म्हणता तिचं दुःख तिला करू द्या. शंभर टक्के मान्य. म्हणूनच तर भांडतोय. स्टेजवर विधवांना ओळीत बसवून नेत्याच्या हस्ते कुंकू आणि साडी, मागं फ्लेक्स, पुढं कॅमेरा, या कार्यक्रमाचं आमंत्रण मलाही येतं आणि मलाही तिथं लाज वाटते. तिला नाही लावायचं कुंकू, नको लावू दे. वर्षभर पांढरं नेसायचं असेल, नेसू दे. पहाटे उठून त्याच्या फोटोशी बोलायचं असेल, बोलू दे. पण ते तिने ठरवायचं. तुम्ही तिचं दुःख तिला करू देत नाही काका, तुम्ही तिच्या दुःखाचा गणवेश ठरवून देता आणि तो घातला नाही की 'हिला काही वाटतच नाही' म्हणता. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हळदीकुंकवाला बोलावणं म्हणजे 'दुःख विसर' नव्हे. 'तू अजून आमच्यातली आहेस' एवढाच त्याचा अर्थ. त्या बचत गटाच्या बायकांना हे कळलं.

आणि हा विषय आपल्या जिल्ह्यात चार घरांपुरता आहे असं कुणी समजू नये. 2006 च्या पंतप्रधान पॅकेजमधल्या सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत आपलं नाव होतं. तेव्हापासून आजपर्यंत तहसीलच्या बाकावर ज्या बायका बसलेल्या दिसतात त्यांना विचारा. एक लाखाच्या मदतीसाठी त्यांच्या नवऱ्याच्या मरणाची फाईल समितीपुढे जाते आणि 'पात्र' की 'अपात्र' असा शेरा बसतो. सातबाऱ्यावर नाव लावून घ्यायला तलाठ्याकडे वेगळ्या चकरा. नांगरणी, पेरणी, कपाशी वेचणी सगळं तिच्या हाताने झालेलं, पण सरकारदरबारी ती 'मयताची पत्नी'. गावात परत आली की वाटेत आडवी जाऊ नये म्हणून तिनेच बाजूला व्हायचं. सरकारचा शेरा एकवेळ अपील करून बदलतो.

3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपण चौकात फटाके फोडले. मीही पेढे खाल्ले. ज्या वाङ्मयाच्या जोरावर तो मिळाला त्यातलं एक पुस्तक तरी संस्कृतीरक्षकांनी वाचावं. 'स्त्री-पुरुष तुलना' छोटं आहे, एका दुपारी होतं. ज्याला हवं असेल त्याने माझ्याकडून न्यावं, फक्त परत आणून द्यावं.

आणि एक बदल. या महिन्यापासून मी पाठवीन त्या प्रत्येक निधन वार्तेत 'पश्चात पत्नी' या शब्दांपुढे तिचं नाव असेल. माहिती द्यायला येणाऱ्यांनी ते विचारून यावं. नाव देता येत नसेल, तर का देता येत नाही ते घरातल्या कुणीतरी, शक्यतो मोठ्या मुलाने, मला फोन करून सांगावं.